लक्ष्मीची चाल

लक्ष्मी चंचल आहे असे आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी उंबरठ्यापासून देवघरापर्यंत तिची पावले काढायची, आणि ती आत येणारीच काढायची, बाहेर जाणारी चुकूनही काढायची नाहीत, यातच तिच्याविषयीचा आपला सारा अविश्वास प्रकट होतो. मला मात्र तिच्या चंचलपणापेक्षा तिच्या चालीचे कुतूहल अधिक. कोणाकडे ती महिन्याच्या महिन्याला येते, कोणाकडे वर्षातून एकदा, कोणाकडे काम सुरू होण्याच्या आधीच, तर कोणाकडे साऱ्या आयुष्यात एकदाच, आणि तीही धनादेशाच्या रूपाने. माणसाला आपण उधळ्या, काटकसरी, आळशी, दूरदर्शी अशी जी विशेषणे लावतो, ती पुष्कळदा त्या माणसाची नसतातच. ती लक्ष्मीच्या चालीची असतात, असे माझे मत होत चालले आहे.

हे मत बनण्यास पनवेलसारखे दुसरे गाव नाही. एके काळी हे खाडीवरचे बंदर. इथले भात आणि मीठ घाटावर जाई, आणि घाटावरच्या बैलगाड्यांना लागणारी चाके बनवणे हा इथला नावाजलेला धंदा होता. नगरपालिका इथे १८५२ साली आली. तिची महानगरपालिका व्हायला २०१६ उजाडले. १९९८ मध्ये मुंबईची लोकल पनवेलपर्यंत आली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तर शेजारच्या खाडीकाठच्या भूमीवर विमानतळाचे उद्घाटन झाले. चाकांपासून पंखांपर्यंतचा हा प्रवास एकाच गावच्या वेशीत झाल्यामुळे लक्ष्मीच्या साऱ्या चाली इथे एकमेकींच्या शेजारी पाहायला मिळतात.

पहिली चाल मासिक. ती माझ्या परिचयाची, कारण मी मास्तर होतो. मास्तराच्या काटकसरीचे लोकांना फार कौतुक असते. "पाहा, इवल्याशा पगारात मुलांची शिक्षणे केली, घर बांधले!" परंतु हा सद्गुण खरोखरी कोणाचा? भविष्यनिर्वाह निधीची रक्कम पगार हातात पडण्यापूर्वीच कापली जाई. विम्याचा हप्ता कापला जाई. पतपेढीचे कर्ज कापले जाई. जे माझ्या हाती आलेच नाही ते मी उधळले नाही, एवढाच माझा संयम. शिवाय पुढल्या पहिल्या तारखेला पुन्हा पगार होणार ही खात्री असल्याने वीस वर्षांचे हप्ते बांधून घेण्याचे धाडस मला होई. आज नव्या पनवेलच्या किंवा खारघरच्या सदनिकेत राहून रोज पहाटे लोकल पकडणारी तरुण मंडळी पाहतो, तेव्हा तोच प्रकार दिसतो. साहेब कितीही उद्दाम असो, ती नोकरी सोडत नाहीत. संध्याकाळी सभेला जात नाहीत. शेजाऱ्याच्या भांडणात पडत नाहीत. आपण म्हणतो, पांढरपेशा माणूस भित्रा. भित्रा तो नसतो, त्याचा हप्ता भित्रा असतो.

दुसरी चाल वार्षिक. पनवेल-उरणच्या खाडीकाठी जी भातशेती होती, ती खारबंदिस्तीची. भरतीचे पाणी शेतात शिरू नये म्हणून गावाने दगडमातीचा बांध घालायचा, पावसाचे गोडे पाणी बाहेर सोडण्यासाठी त्यात उघाडी ठेवायची, आणि वर्षभर त्याची राखण करायची. खेकड्याने पाडलेले भोकसुद्धा अशा बांधाला पुरे होते. उधाणाच्या भरतीला बांध फुटला की एकट्याचे शेत खारे होत नसे, साऱ्या गावाचे होई. आणि एकदा खारे झालेले शेत पुन्हा गोडे व्हायला कित्येक पावसाळे जात. अशा वेळी मध्यरात्री कुदळ-घमेले घेऊन धावणारी शेजाऱ्यांची शंभर माणसे हीच त्या शेतकऱ्याची विमा कंपनी. आणि तिचा हप्ता तो कुठे भरी? लग्नात, हळदीला, जत्रेच्या जेवणावळीत. गाव जेवायला घातले, शेजाऱ्याच्या हळदीला रात्रभर जागले, धवलारिणीची गाणी ऐकली, की आपल्या बांधावर माणसे येणार ही तजवीज झाली. ज्याला आपण रिकामा खर्च म्हणतो तो त्यांच्या हिशेबात ठेवीच्या बाजूला मांडलेला होता.

तिसरी चाल उलटी. पनवेल-कर्जतच्या डोंगरकडेच्या कातकरी वाड्यांत ती दिसते. पावसाळा सरत येतो, घरातले धान्य संपलेले असते, शेतातली मजुरी थांबलेली असते. नेमक्या त्या वेळी वीटभट्टीचा मुकादम उचल घेऊन येतो. पैसे आधी आणि काम मागून. दिवाळी झाली की बायको-मुलांसह कुटुंब भट्टीवर जाते आणि पाऊस येईपर्यंत त्या उचलीची फेड करीत राहते. परत येताना हाती काही राहिले तर नशीब. बाकी निघाली तर पुढच्या वर्षीची भट्टीही ठरलेली. वेठबिगारीच्या निर्मूलनाचा कायदा १९७६ साली झाला. परंतु भुकेच्या महिन्यात दारी आलेल्या नोटेला कायद्याचे कलम वाचता येत नाही. कातकरी आजचे आज खातो, मुलांना शाळेतून काढून भट्टीवर नेतो, त्याला उद्याची फिकीर नाही, असे बोलणे मी शिक्षकांच्या खोलीत कितीदा ऐकले आहे. पण ज्याचा उद्या त्याने आधीच विकलेला आहे, त्याने फिकीर करायची ती कोणाच्या उद्याची?

गरिबाच्या बुद्धीविषयी हे जे शेरे आपण मारतो, त्यांची परीक्षा पाहण्याचा एक नामी प्रयोग तमिळनाडूत झाला. ऊस पिकवणाऱ्या त्याच शेतकऱ्यांची बौद्धिक चाचणी एकदा पीक निघण्यापूर्वीच्या चणचणीत घेतली आणि एकदा पिकाचा पैसा हाती आल्यावर घेतली. माणसे तीच, डोकी तीच. पण सुगीनंतर ती अधिक चांगली चालली. २०१३ साली 'सायन्स' या नियतकालिकात हा वृत्तांत आला. आमच्या वाडीवरच्या कोणत्याही म्हातारीने तो निष्कर्ष न छापता सांगितला असता, हे खरे. पण विद्वानांनी म्हातारीशी सहमत व्हावे हेही थोडे नव्हे.

आता चौथी चाल. तिनेच या तालुक्याचा चेहरा बदलला. १९७० साली नव्या मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण या भागांतील ९५ गावांच्या जमिनी घेण्याचे ठरले आणि त्याच वर्षी १७ मार्चला सिडकोची स्थापना झाली. यातली एक गोष्ट सहसा कोणी लक्षात घेत नाही. कसणाऱ्या कुळाला जमिनीचा मालक मानणारा कृषक दिन उजाडला तो १ एप्रिल १९५७ रोजी. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याचे शेत कसल्यावर ज्या कुळांच्या नावावर सातबारा झाला, त्यांची मालकी पुरती तेरा वर्षेही जुनी झाली नव्हती, तोच जमीन जाण्याची नोटीस आली. आणि जमिनीच्या जागी आला तो मोबदला.

हा पैसा कुठे गेला याच्या सुरस कथा तुम्ही-आम्ही सर्वांनी ऐकल्या आहेत. गळ्यात सोन्याची साखळी, दारात मोटार, हळदीला हजार पाने, आणि मग रिते हात. 'गुंठामंत्री' हा शब्द मराठीला असाच मिळाला. एका वृद्ध शेतकऱ्याला, ज्याची दोन मुले माझ्या वर्गात होती, मी एकदा भीत भीतच विचारले, "बाबा, एवढा पैसा संपला कसा?" तो रागावला नाही. म्हणाला, "मास्तर, भात सरतं ते डोळ्याला दिसतं. कणगी अर्धी झाली की घरधनीण हात आखडते. बँकेतल्या पैशाची कणगी मला कुनी दाखवलीच नाय."

यापेक्षा मार्मिक अर्थशास्त्र मी वाचलेले नाही. वर्षाचे भात वर्षभर पुरवण्याची विद्या त्याच्याकडे होती, आणि ती मोठी विद्या आहे. परंतु आयुष्यभराचा पैसा आयुष्यभर पुरवण्याची विद्या वेगळी; ती मास्तराकडेही नसते. निवृत्त होताना एकरकमी मिळालेली पुंजी दामदुपटीच्या योजनांत बुडवून बसलेले सुशिक्षित मी या डोळ्यांनी पाहिले आहेत. त्यांना मात्र कोणी मंत्रिपद दिले नाही. आणि हळदीच्या खर्चाचे म्हणाल, तर बांध गेला, भरतीची भीती गेली, तरी विम्याचा हप्ता तेवढा चालू राहिला. पैसा वाढला तसा तो फुगलाही. हल्ली त्याच समाजातली जाणती माणसे त्याला आळा घालू पाहत आहेत, ते योग्यच. सवयी या सातबाऱ्यासारख्या एका दिवसात दुसऱ्याच्या नावावर होत नाहीत.

बहिणींचेच पाहा. जमीन होती तोवर लग्न झालेल्या बहिणी भावाकडे हिस्सा मागत नसत. माहेरचे भात, गौरीगणपतीचे बोलावणे, अडीअडचणीला आधार, हाच त्यांचा हिस्सा असे, आणि तो दरवर्षी पिके. मोबदल्याचा धनादेश आला आणि हक्कसोडीच्या कागदावर सही करायला काही बहिणींनी नकार दिला. गाव म्हणाले, बायका लोभी झाल्या. वास्तविक बहिणी होत्या तशाच होत्या. दरवर्षी पिकणारे माहेर एकदाच पिकून संपणार, हे त्यांनी भावांच्या आधी ओळखले होते. कायदाही पुढे, १९९४ मध्ये महाराष्ट्रात आणि २००५ मध्ये देशभर, मुलींच्या बाजूने उभा राहिला.

लोकांच्या दैन्याचे खापर त्यांच्याच लग्नकार्यांवर फोडण्याची रीत जुनी आहे. १८७५ मध्ये सुप्याला आणि आसपास सावकारांविरुद्ध शेतकऱ्यांचे दंगे झाले, तेव्हाही साहेबलोकांत हीच समजूत होती की, कुणबी लग्नात उधळतो म्हणून कर्जात बुडतो. चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने हिशेब तपासले आणि या कारणाला वाजवीपेक्षा फार महत्त्व दिले गेले आहे असा निर्वाळा दिला. दीडशे वर्षे होत आली. समजूत काही आयोगाचा अहवाल वाचायला थांबलेली नाही.

तर मग माणूस केवळ परिस्थितीच्या हातचे बाहुले काय? तसे म्हणणे हाही एक प्रकारचा अपमानच. अलिबाग तालुक्यातल्या चरी गावाने आणि आसपासच्या गावांनी १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे खोतांच्या जमिनी नांगरल्या नाहीत. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी. बाबासाहेब आंबेडकरांचा त्यांना पाठिंबा. लाकडे तोडून, मासळी पकडून, अर्धपोटी राहून त्यांनी संप चालवला, आणि कूळ कायद्याची वाट मोकळी केली. ज्या लोकांना उद्याची फिकीर नाही म्हणतात, त्याच लोकांनी सहा वर्षांचा आज उद्यासाठी गहाण टाकला. मात्र हे एकेकट्याने झाले नाही. बांधावर धावून जाण्याची सवय असलेली गावे होती, म्हणून झाले.

तीच सवय १९८४ मध्ये उपयोगी पडली. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण-पनवेलचे शेतकरी रस्त्यावर आले. १६ आणि १७ जानेवारीच्या गोळीबारांत पाच शेतकरी मारले गेले. त्या लढ्यातून पुढे १९९० साली साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली, आणि विमानतळासाठी ज्या दहा गावांना उठावे लागले त्यांच्या वेळी ते प्रमाण साडेबावीस टक्क्यांवर गेले. लोक याला भाव वाढवून घेणे म्हणतात. मला ते लक्ष्मीची चाल बदलून घेणे वाटते. एकदाच येऊन निघून जाणारा पैसा नको, भाडे देणारी, मुलाबाळांना पुरणारी, नव्या शहरात आपला पाय रोवून ठेवणारी जागा हवी, ही ती मागणी. पुष्कळांनी ते भूखंडही विकले, कारण इमारत उभारायला भांडवल लागते आणि भांडवल बिल्डरापाशी होते. म्हणजे चाल अर्धीच बदलली. पण जिने पाच माणसांचे मोल घेतले ती मागणी उधळ्यांची नव्हती. ती दूरवर पाहणाऱ्यांची होती.

विमानतळाच्या बांधकामाकडे पाहत एका माजी विद्यार्थ्याने मला मध्ये विचारले, "सर, आजोबांच्या शेतावर धावपट्टी झाली. मला तिथे कायमची नोकरी मिळेल, की कंत्राटी?" प्रश्न ऐकून मी चमकलो. पगार किती, असे तो विचारीत नव्हता. पगार कसा येणार, असे विचारीत होता. आजोबांना जी कणगी कोणी दाखवली नाही, ती नातू स्वतःच शोधू लागला आहे. त्याला उत्तर देणे माझ्या हाती नाही. ज्यांच्या हाती आहे, त्यांनी ते द्यायला फार उशीर करू नये.