रीस्टार्ट? आत्ता नको!

‘रीस्टार्ट करा’ ही लॅपटॉपच्या कोपऱ्यातली पाटी मी सलग तेवीस दिवस ‘नंतर’ म्हणून उडवून लावली. माझ्याकडे उबुंटू, म्हणजे लिनक्स. विंडोजवाल्या मित्रांना मी तोऱ्यात सांगायचे, ‘आमच्याकडे नाही बुवा उठसूट रीस्टार्ट!’

मग आला ओझरचा वीकएंड. आजीकडे मुक्काम, विघ्नहराचं दर्शन आणि सोमवारी सकाळी द्यायचा लेख. रविवारी रात्री लाइट गेले, बॅटरीने मान टाकली. पहाटे लाइट आल्यावर लॅपटॉप सुरू केला, तर वायफाय गायब! मोबाइलचा हॉटस्पॉटही दिसेना. विघ्नहर्त्याच्या गावात हे काय विघ्न?

कारण साधं होतं. तेवीस दिवसांपूर्वी नवा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, डिस्कवर येऊन बसला होता. मेमरीत मात्र जुनाच धावत होता. वायफायचा ड्रायव्हर नव्याशी जुळलाच नव्हता. शेवटी सुरुवातीच्या मेन्यूतून जुना कर्नल निवडला, लेख कसाबसा गेला. पण दोन तास जीव टांगणीला!

मग डोळे उघडले. अपडेट आलं म्हणजे लागू झालं असं नाही. ब्राउझर अपडेट झाला तर तेवढा बंद करून उघडला की भागतं. कुठल्या सर्व्हिसेस जुन्याच फाइल्सवर चालल्यात, ते ‘नीडरीस्टार्ट’ हे टूल सांगतं. तेवढ्याच रीस्टार्ट करायच्या. कर्नल बदलला असेल तर मात्र आख्खं मशीन रीस्टार्ट करायचं. तोवर सुरक्षेचं भोक बुजलेलं नसतं!

प्रश्न उरतो, कधी? ओझरपासून जवळच खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांचे संकेत लिनक्सवर चालणाऱ्या कॉम्प्युटरांच्या ताफ्यात एकत्र होतात. तिथे निरीक्षण चालू असताना मध्येच रीबूट म्हणजे तेवढं आकाश हुकलं! माझं आकाश छोटं, पण हिशेब तोच. काम पाठवल्यावर, पुढचं सुरू व्हायच्या आधी आणि बिघडलंच तर निस्तरायला वेळ हाताशी असताना.

आजीला हे सगळं सांगितलं, तर चुलीवरून नजर न हलवता म्हणाली, ‘‘पाहुणे दारात आल्यावर घर सारवतात का गं? आदल्या दिवशी सारवायचं.’’

आता दर शुक्रवारी संध्याकाळी, लेख गेला की मी सारवून घेते. नाहीतर वेळ लाइट ठरवतात!