खातो, पण अंगी लागत नाही

‘खाल्लेलं अंगी लागत नाही’ असं आपण सहज म्हणतो. आमच्या ब्रूनोच्या बाबतीत ते शब्दशः खरं होतं. अडीच वर्षांचा जर्मन शेफर्ड. स्वतःचं ताट चाटूनपुसून झालं की शेजारच्या वाडीतल्या कोंबड्यांचं खाद्यही फस्त करायचा. तरी लांबून बरगड्या मोजता यायच्या. भुईगावात सगळे सगळ्यांना ओळखतात. ‘काय रे, कुत्र्याला उपाशी ठेवता का?’ हे इतक्यांदा ऐकल्यावर आईने त्याला रस्त्यावर फिरायला न्यायचंच सोडलं.

जंतांचं औषध दोनदा देऊन झालं. रक्ताच्या रिपोर्टमध्ये अमायलेज आणि लायपेज दोन्ही नॉर्मल आले. पोट नाजूक आहे म्हणून चिकन बंद, दहीभात सुरू. वजन ३१ किलोवरून २३ वर आलं. ‘आता त्याचे हाल करू नका,’ असं पप्पा हळूच म्हणायला लागले.

वसईतल्या दुसऱ्या डॉक्टर मॅडमनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि विचारलं, ‘शी कशी होते?’ भरपूर, फिकट, तेलकट, दिवसातून पाच-सहा वेळा. मग त्यांनी समजावलं: अन्न पचवणारे एन्झाइम स्वादुपिंड बनवतं. ते बनवणाऱ्या पेशी नष्ट झाल्या, की कुत्रा कितीही खाऊ दे, बरंचसं अन्न न पचताच बाहेर पडतं. जर्मन शेफर्डमध्ये हे जास्त दिसतं. स्वादुपिंडाची जवळपास ९० टक्के क्षमता संपेपर्यंत लक्षणंच दिसत नाहीत. अमायलेज आणि लायपेज शरीरात इतर ठिकाणीही तयार होतात, त्यामुळे ते नॉर्मल असले म्हणजे स्वादुपिंड ठीक आहे, असं होत नाही.

त्यासाठी टीएलआय नावाची वेगळी टेस्ट असते. स्वादुपिंडातून ट्रिप्सिनोजेन अगदी थोडंसं रक्तात झिरपतं, ते ही टेस्ट मोजते. स्वादुपिंडच उरलं नसेल, तर झिरपणार काय? आणि हे प्रोटीन प्रत्येक प्राण्यात थोडं वेगळं असतं. म्हणून माणसांचं किट कुत्र्याला चालत नाही, कुत्र्याचं मांजराला चालत नाही. स्वादुपिंडाला सूज आली असेल, तर पीएलआय ही निराळी टेस्ट करतात. मांजरांमध्ये तर अशी सूज उलटीशिवायही येते. मांजर नुसतं खाणं सोडून कोपऱ्यात बसतं.

मी दिवसभर सॉफ्टवेअरच्या टेस्ट लिहितो. सगळ्या पास झाल्या याचा अर्थ एवढाच, की आम्ही जे तपासलं ते चालतंय. जे तपासलंच नाही, त्याबद्दल ती हिरवी खूण काहीच बोलत नाही. ‘नॉर्मल’ या शब्दाचंही तसंच आहे.

रक्त देण्याआधी ब्रूनोला १२ तास उपाशी ठेवायचं होतं. सतत भुकेल्या कुत्र्याला! रात्रभर तो स्वयंपाकघराच्या दाराशी कण्हत होता आणि आई जागी होती. नमुना बर्फात घालून मुंबईला गेला. २.५ किंवा त्याहून कमी आकडा आला की निदान पक्कं. ब्रूनोचा १.१ आला.

आता प्रत्येक जेवणात एन्झाइमची पावडर, तीही आयुष्यभर. शिवाय बी-१२ची इंजेक्शनं, कारण ते शोषून घ्यायला लागणारं प्रोटीनही कुत्र्यांमध्ये मुख्यतः स्वादुपिंडातूनच येतं. खर्च आहेच. पण वजन २८ किलोवर आलंय, आणि महिन्याच्या किराणाच्या यादीत तेल-साखरेखाली ‘ब्रूनोची पावडर’ हे पप्पा स्वतःच लिहितात.

तुमच्या कुत्र्या-मांजराचा रिपोर्ट नॉर्मल आला आणि तरी ते खंगत चाललं असेल, तर डॉक्टरांना एकच विचारा: या टेस्टने नेमकं काय मोजलं?