बुडालेल्या घराची वर्षे

मूल बारावी झाले की घरात दोन काळज्या येतात, एक मार्कांची आणि दुसरी फीची. सरकारी कॉलेजातील राज्याच्या जागेसाठी आणि फीच्या सवलतीसाठी पुष्कळदा अधिवासाचा दाखला मागतात. त्यासाठी महाराष्ट्रात सलग १५ वर्षे राहिल्याचा पुरावा द्यावा लागतो.

ही रीत जुनी आहे. इंदूरच्या मेडिकल कॉलेजात बाहेरच्या मुलांकडून जादा फी घेत. सर्वोच्च न्यायालयाने १९५५ साली ती योग्य ठरवली. तुम्ही जन्मला कोठे हे नव्हे, राहता कोठे हे पाहिले जाते, असे न्यायालय म्हणाले.

पण राहते घरच पाण्याखाली गेले तर? वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ साली झाली. पुढे पाणी चढले नि आम्ही पुनर्वसनात आलो. माझ्या लेकीच्या कागदांवर दोन गावे आली. कचेरीतले बाबू म्हणाले, "बाई, हे जुळत नाही."

मी म्हणाले, "साहेब, गाव बदललं, राज्य तर तेच आहे ना?"

जुन्या गावच्या घरपट्टीच्या पावत्या, सातबारा, पुनर्वसनाचा कागद, दोन्ही शाळांचे दाखले सालवार लावून दिले. १५ वर्षे भरली. दाखला मिळाला.

म्हणून धरणग्रस्त भावाबहिणींनो, जुन्या गावची एकही पावती टाकू नका. घर बुडाले तरी तिथे काढलेली वर्षे आपलीच आहेत, आणि लेकरांच्या शिक्षणाला तीच कामी येतात.