टिटवीचा अंदाज

साखर आमच्या शिरोळला नवी नाही. शिवारात ऊस, गावाला कारखाना. पण ती माझ्या रक्तातही निघाली, तेव्हा डॉक्टरांनी रोज पाऊण तास चालायला सांगितलं. गावातून चालावं तर चार ओळखीचे चहाला बोलावणार, आणि आमच्याकडे बिनसाखरेचा चहा देणं म्हणजे पाहुण्याचा अपमान! म्हणून मी तळ्याकाठची वाट धरली.

चैत्रात तळ्याकाठी माणसांपेक्षा इतरांचीच वर्दळ फार. झाडावर तांबट सकाळपासून ‘टुक टुक’ ठोकत असतो. एवढ्या वेळात खऱ्या तांबटाचं एखादं घंगाळ पुरं झालं असतं. गायबगळ्यांच्या मानेला केशरी रंग चढलेला, हळद लागलेल्या नवरदेवासारखा. पंख पसरून बसतो तो चतुर आणि मिटून बसते ती टाचणी, एवढं ज्ञान मी आठवड्यात मिळवलं. चतुराची पिल्लं पाण्यात राहून डासांच्या अळ्या खातात, हे मी मोठ्या अभिमानाने घरी सांगितलं.

“मग दोनचार आपल्या मोरीत आणून सोडा,” ही म्हणाली. विद्वत्तेची आमच्या घरी अशी ताबडतोब सोय लावली जाते.

एके सकाळी एक टिटवी ओरडत थेट माझ्या अंगावर आली. दचकून खाली पाहिलं, तर पायाशी नुसत्या खळग्यात मातीच्या रंगाची, ठिपक्याठिपक्यांची चार अंडी! आणखी एक पाऊल पडतं तर एका कुटुंबाचा निर्वंश होता.

हे मी पारावर सांगितलं, ही माझी चूक.

“गुरुजी, अंडी वर घातल्यात का खाली?”

टिटवीने उंचावर अंडी घातली की पाऊस मोठा आणि खाली घातली की बेताचा, हा आपल्याकडचा जुना हिशेब. इतर गावी हा प्रश्न पेरणीसाठी विचारतात. आमच्याकडे तांदळाची पोती कुठे ठेवायची यासाठी. कृष्णा आणि पंचगंगा नरसोबाच्या वाडीला एकमेकींना भेटतात, आणि २००५, २०१९ व २०२१ साली त्या आमच्याही घरी येऊन गेल्या. राजाराम बंधाऱ्याला ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे इथल्या पोरांना पाढ्यांआधी पाठ होतं.

त्यामुळे मी एकाएकी वेधशाळा झालो. शेवटी जाऊन मोजलं : पाण्यापासून बावीस पावलं, उंची फार तर हातभर. “म्हणजे खालीच की!” पारावर सगळ्यांना हायसं वाटलं. एकानेच शंका काढली, “तिला पाऊस कळंल वो, पण धरणातनं किती सोडत्यात, ते तिला कोण सांगणार?”

ऊन तापलं की ती टिटवी तळ्यात पोट भिजवून यायची आणि ओल्या पिसांनी अंडी गार करायची. पाण्याशेजारी घर का केलं, ते मला तेव्हा कळलं. आम्ही तरी इथे दुसऱ्या कशासाठी राहतो? मळीची काळी जमीन, ऊस, वांगी, सगळं त्या पाण्याचंच देणं. फरक एवढाच की, पंचतंत्रातल्या टिटवीची अंडी समुद्राने नेली, तेव्हा गरुडामार्फत तिची तक्रार थेट विष्णूपर्यंत गेली आणि अंडी परत मिळाली. तिच्या वेळी पंचतंत्र होतं. आमच्या वेळी पंचनामा असतो.

चारेक आठवड्यांनी खळगा रिकामा दिसला. पोटात धस्स झालं. तेवढ्यात पलीकडे आईच्या मागून कापसाच्या बोंडाएवढी पिल्लं तुरुतुरु पळताना दिसली.

शेजारच्या आक्कांची पेटी २०१९ पासून माळ्यावर आहे. मी आनंदाने त्यांना म्हटलं, “आक्का, टिटवीनं अंडी खाली घातली होती. आता पेटी उतरवा.”

आक्का भाकरी थापता थापता म्हणाल्या, “टिटवीची पोरं जन्मल्या जन्मल्या पळत्यात, गुरुजी. माझी पेटी पळती व्हय?”

मी घरी आलो आणि मुकाट्याने आमचीही ट्रंक माळ्यावर चढवली.