स्पूलरमध्ये अडकलेली पाने

२६ सप्टेंबर २०२५, शुक्रवार

पाऊस उघडायचं नाव घेत नाही. सोयाबीन पाण्यात उभं आहे आणि घरोघरच्या प्रिंटरांना मात्र सुगी आली आहे. पंचनाम्यासाठी आधार, पासबुक, सातबारा, सगळ्यांच्या प्रती हव्यात. निवृत्त गुरुजींनी बोलावलं. "एक तर दोन-तीन कागद एकदम ओढतो, नाही तर एकही घेत नाही."

लेझर प्रिंटर जुना, पण दणकट. कागदाचा गठ्ठा खिडकीशी उघडा पडलेला. या हवेत कागद ओल धरतो, एकाला एक चिकटतो. पुढे टोनर वितळवणाऱ्या फ्यूजरच्या आचेत ती ओल वाफ होऊन निघते, कागद वळतो आणि आतच अडकतो. शिवाय कागद उचलणारा रबरी रोलर झिजून गुळगुळीत झालेला. ओल्या फडक्याने तो पुसला, बंद पाकिटातला कोरडा गठ्ठा कडा मोकळ्या करून ठेवला. लागला चालायला.

"म्हणजे बिघाड काहीच नव्हता?" गुरुजींनी विचारलं. होता, पण यंत्रात कमी आणि हवेत जास्त.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी

विळे, पाने, ट्रॅक्टर यांच्या रांगेत आता कॉम्प्युटरही बसतो. दुपारी एका मावशींचा फोन: "पूजा केली अन् हे उठंनाच गेलं!" टॉवरच्या जाळीवर हळद-कुंकू, झेंडूची पाकळी. पोराचा सगळा राग कुंकवावर.

झाकण काढलं. कुंकू चिमूटभर, बाकी गेल्या मळणीचा भुसा. टॉवर ओसरीच्या दाराशी, आणि थ्रेशर अंगणापलीकडे. पंखा जाम, प्रोसेसरवरच्या पेस्टचे पापुद्रे सुटलेले. चालू केलं की लांब बीप येत राहते. पडदा उजळण्याआधी मदरबोर्डला तेवढंच बोलता येतं, म्हणून ती बीप ऐकून घ्यायची. इथे रोख रॅमकडे होता. रॅम काढली, तिच्या सोनेरी पट्ट्या पोराच्या कंपासमधल्या खोडरबराने घासल्या, पुन्हा दाबून बसवली. पंखा ब्रशने साफ, पेस्ट नवी. उठला.

बोर्डावर एक कंडेन्सर मात्र फुगलेला दिसला. पोराला सांगितलं, विहिरीवरच्या मोटारीचा कंडेन्सर गेला की ती नुसती गुंगते, पाणी उचलत नाही, तसंच हे. आज चालेल, पण कधीतरी चालू करताना दगा देईल. फोटो आधी दुसरीकडे उतरवून ठेव. मावशींनी लगेच विचारलं, "पुढच्या वर्षी पूजा करू का नको?" करा, फक्त जाळी सोडून.

४ ऑक्टोबर, शनिवार

बारावीच्या मुलाला अर्ज भरायचा होता. कुठलीही सरकारी साइट उघडली की इशारा येतो, कनेक्शन सुरक्षित नाही. "दादा, नेटच बेकार आहे." नेटवाल्याशी त्याचं भांडण होऊन गेलेलं.

मी पडद्याच्या उजव्या कोपऱ्याकडे बोट केलं. तारीख २०१० सालची. प्रत्येक सुरक्षित साइटच्या प्रमाणपत्राला 'या तारखेपासून या तारखेपर्यंत' अशी मुदत असते. कॉम्प्युटरच्या लेखी साल २०१०, म्हणजे ती प्रमाणपत्रं अजून जन्मालाच आलेली नाहीत. ब्राउझरने अडवलं ते बरोबरच. दोष मदरबोर्डावरच्या नाण्याएवढ्या तीन व्होल्टच्या सेलचा. लाइट गेली तरी घड्याळ चालू ठेवणं हे त्याचं काम. आमच्याकडे लाइट जाते वरचेवर, आणि घरोघरी बोर्डाचं बटणही रात्री बंद करतात. सेल लवकर उतरतो. चहा-पोह्यांच्या पैशात नवा सेल आला. मुलाला इतका स्वस्त उपाय पटेना. तो नव्या कॉम्प्युटरची तयारी करून बसला होता.

८ ऑक्टोबर, बुधवार

काल सरकारने अतिवृष्टीसाठी ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं आणि सकाळपासून फोन सुरू. कागद काय लागणार ते कुणालाच ठाऊक नाही, पण प्रती काढून ठेवायची घाई सगळ्यांना.

एका घरी प्रिंटर गप्प. काकांनी प्रिंटचं बटण दाबलं, काही आलं नाही. परत दाबलं, मग पुतण्याने दाबलं. विंडोजमध्ये छापायची कामं आधी स्पूलरच्या रांगेत लागतात. पहिलंच काम अर्धवट अडकलं की मागचं काही हलत नाही. रांगेतून ते पुसायला गेलं तर 'डिलीटिंग' एवढंच दिसतं आणि तिथेच राहतं. अशा वेळी सर्व्हिसेसमध्ये जाऊन स्पूलर थांबवायचा, सिस्टिम३२ च्या आत स्पूल, त्यात प्रिंटर्स, तो फोल्डर रिकामा करायचा, स्पूलर पुन्हा सुरू. काकांना म्हटलं, फोल्डर आधी रिकामा करू द्या. तेवढ्यात पुतण्याने प्रिंटरची केबल काढून परत खोचली. रांग सुटली, आणि एकाच पासबुकाच्या प्रती कागद संपेपर्यंत बाहेर आल्या.

११ ऑक्टोबर, शनिवार

शाईचा प्रिंटर, घरात महिन्यातून एखाद्या वेळी वापर. असा वापर शाईच्या प्रिंटरला सोसत नाही. हेडची छिद्रं वाळतात. मग मालक 'हेड क्लीनिंग' चालवतो. त्यात ओढलेली शाई कागदावर येत नाही, खालच्या स्पंजात जाते. प्रिंटर तिचा हिशेब ठेवतो, आणि आकडा भरला की छापणंच बंद करतो. या घरातल्या पोराने वर्षभर क्लीनिंग चालवलं होतं, आणि आज प्रिंटर नुसते दिवे लुकलुकवत उभा.

स्पंज बदलला, आकडा शून्य केला. शाई बाहेर सांडू नये म्हणून ही मर्यादा ठेवतात, हे मान्य. पण स्पंज कसा बदलायचा ते मालकाला देतात त्या पुस्तिकेत नाही. यातलं काहीच तुटलेलं नव्हतं. हा आकडा कुणीतरी आधीच ठरवून ठेवला होता.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

विंडोज १० ची मुदत आज संपली. २९ जुलै २०१५ ला आलेली. याआधी एक्सपी ८ एप्रिल २०१४ ला गेली, सेव्हन १४ जानेवारी २०२० ला.

गुरुजींचा फोन: "उद्यापासून बंद पडणार का रे?" नाही. चालणार, पण सापडलेल्या सुरक्षेच्या भोकांना ठिगळं यायची नाहीत. बँकेचं काम त्यावर करू नये. विंडोज ११ ला टीपीएम २.० हा सुरक्षेचा भाग लागतो, आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर आठव्या पिढीचा किंवा पुढचा. ती पिढी २०१७ च्या उत्तरार्धातली. गावातले बहुतेक टॉवर त्याआधीचे. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने साइन इन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ठिगळं फुकट मिळतात. ज्यांचं खातं होतं त्यांचं आज करून दिलं. ज्यांना पासवर्ड आठवत नाही त्यांचं काम पासवर्ड शोधण्यातच गेलं.

भुशाने थांबलेलं यंत्र मी उघडू शकतो. तारखेने थांबलेल्याला स्क्रूड्रायव्हर लागत नाही.

१९ ऑक्टोबर, रविवार

गुरुजींच्या टॉवरवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट. आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून दाखवलं, डिस्कला हात न लावता. त्यांची अडचण वेगळीच निघाली: नामदेवांच्या अभंगांवरची कीर्तनाची टिपणं, कित्येक वर्षांची, सगळी शिवाजी फॉन्टमध्ये. नामदेवांचं नर्सी इथून जवळ, त्यामुळे गुरुजींना बोलावणी असतात. फाइल उघडली तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा भुगा. जुने फॉन्ट असेच: आत इंग्रजी अक्षरंच साठवतात, वर मराठी रूप चढवतात. फॉन्टची फाइल या बाजूला आणून बसवताच अभंग दिसले.

ते कायमचं व्हावं म्हणून युनिकोडमध्ये रूपांतर केलं. तिथे पहिली वेलांटी आणि रफार जागा सोडतात, कारण जुन्या पद्धतीत वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप होते. यंत्राने केलेलं डोळ्यांनीच तपासावं लागतं. गुरुजी म्हणाले, "ते माझं काम. लाल शाई अजून आहे माझ्याकडे."

प्रिंटरने मात्र उशीर केला. काही स्वस्त लेझर प्रिंटर स्वतःचं फर्मवेअर आत ठेवतच नाहीत. दर वेळी चालू झाल्यावर कॉम्प्युटरने ते पाठवायचं. विंडोजचा ड्रायव्हर हे गुपचूप करतो. इकडे ते वेगळं उतरवून घ्यावं लागलं, आणि संध्याकाळपर्यंत नेट नव्हतं.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

दिवाळी झाली. आजपासून बिलावर दोन रकाने केले: 'बिघाड' आणि 'मुदत'. भुसा, ओल, सेल, रोलर, कंडेन्सर पहिल्यात. भरलेला आकडा, विंडोजचा संपलेला आधार, न मिळणारा ड्रायव्हर दुसऱ्यात. लोक घरातल्या पोरावर, नेटवर, पूजेवर चिडतात, कारण दोन्ही गोष्टी बाहेरून सारख्याच दिसतात: बटण दाबलं, काही झालं नाही.

पहिलं बिल शाईच्या प्रिंटरवाल्यांना दिलं. बिघाड: नाही. मुदत: आकडा भरला. "मग पैसे कशाचे घेता दादा? बिघाडच नव्हता ना!" मजुरी आणि स्पंजाचे, म्हटलं. पुढचा प्रिंटर घ्याल तेव्हा दुकानदाराला रंग आणि किंमत विचारायच्या आधी विचारा, स्पंज घरी बदलता येतो का, आणि ड्रायव्हर किती वर्षं मिळणार. २४ डिसेंबर २०२२ पासून केंद्राचं राइट टू रिपेअर पोर्टलही आहे; दुरुस्तीची, सुट्या भागांची माहिती कंपन्यांनी तिथे द्यावी हा हेतू. त्यांनी बिल दोनदा वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि पैसे दिले, दहा रुपये कमी.