११ महिन्यांचं घर, १५ वर्षांचं मांजर

घणसोली गावात भाड्याचं घर शोधताना व्हेज-नॉनव्हेज कुणी विचारत नाही. बरेच मालक आगरी-कोळी, मासळी त्यांच्याच घरात शिजते. एकटी मुलगी चालते, नाइट शिफ्टही चालते. पण ‘माझ्याकडे मांजर आहे’ म्हटलं की एजंट बाइकला किक मारतो. चिमीसाठी मी सात घरं बघितली. पाच ठिकाणी नकार, एका ठिकाणी दुप्पट डिपॉझिट.

नेटवर वाचलं तर कायदा आपल्याच बाजूचा वाटतो. अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्ड ऑफ इंडियाच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की, बहुमतानं ठराव करूनही सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही. केरळ उच्च न्यायालयानंही २०२१मध्ये अपार्टमेंटमधली अशी बंदी बेकायदा ठरवली.

पण हा वाद सोसायटी आणि तिथले रहिवासी यांच्यातला. गावातल्या इमारतींत बहुतेकदा सोसायटीच नसते. तळमजल्यावर मालक, वर आम्ही. आमच्यात असतो तो फक्त ११ महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स करार. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्राण्यांबद्दल वेगळं काही सांगत नाही. म्हणजे मालक नको म्हणाला, तर विषय संपला. इंग्लंडमध्ये २०२५च्या नव्या कायद्यानं भाडेकरूला प्राणी ठेवण्याची लेखी विनंती करण्याचा हक्क दिला, आणि मालकाला रास्त कारणाशिवाय नाही म्हणता येत नाही. आपल्याकडे असं काही नाही.

सातव्या घराच्या मालकीणबाई काकूंनीही आधी नाहीच म्हटलं. त्यांचा मुद्दा खोटा नव्हता. आधीचा भाडेकरू गेल्यावर गादीचा वास दोन महिने जात नव्हता, आणि ते घर तेवढे दिवस रिकामं राहिलं. त्यांचं घर त्या भाड्यावर चालतं. मी प्राणिप्रेमावर बोललेच नाही. चिमीचं लसीकरणाचं कार्ड दाखवलं, नसबंदी झाल्याचा कागद दाखवला. खिडक्यांना जाळी मी लावीन, घर सोडताना सफाई आणि रंगाचा खर्च माझा, असं सांगितलं. काकू म्हणाल्या, ‘‘बरं, बघू.’’

‘बरं, बघू’वर राहायचं नसतं. त्याच कायद्याच्या कलम ५५नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि ती जबाबदारी मालकाची. एजंटच्या तयार मसुद्यात ‘पाळीव प्राणी ठेवू नयेत’ ही ओळ आधीच होती. ती काढून आम्ही लिहिलं: एक मांजर ठेवण्यास परवानगी, नुकसान झाल्यास भरपाई डिपॉझिटमधून, तक्रार आल्यास एक महिन्याची मुदत. मुदतीची ओळ माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाची. महिन्याभरात दुसरं घर शोधता येतं, दोन दिवसांत नाही.

दोन दिवसांत काय होतं, ते गावात दिसतं. महिनाअखेरीला टेम्पो भरून लोक जातात, आणि पुढच्या आठवड्यात गळ्यात घुंगरू असलेलं एखादं मांजर बंद दाराशी बसलेलं असतं. पाळलेल्या प्राण्याला उपाशी मरायला सोडून देणं १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. पहिल्या वेळेचा दंड १० ते ५० रुपये. घरात ठेवलेलं मांजर १५ वर्षं जगू शकतं, म्हणजे असे सोळा-सतरा करार. त्यातल्या प्रत्येकात ती एक ओळ लागेल. टोकन देण्याआधी मसुदा मागवा, आणि ती ओळ आहे का ते बघा.