मंडे मॉर्निंग, व्हाया वर्धा

सोमवारी सकाळी अंग जड होणं, पाय न उचलणं... हा फक्त आपला, ऑफिसवाल्यांचा प्रॉब्लेम आहे असं वाटत होतं. वर्ध्याच्या एका वरातीत भेटलेल्या राणीनं तो गैरसमज दूर केला. राणी घोडी आहे. आणि तिचा आजार तिला घराण्यातून मिळालाय.

ऑफिसमधल्या मैत्रिणीच्या भावाचं लग्न होतं. डिसेंबरचा रविवार, वर्ध्याची मस्त बोचरी थंडी, डीजेवर 'झिंगाट', आणि मी हातात कॅमेरा घेऊन वरातीच्या पुढे उलटी चालत होते. फोटो सॉलिड येत होते. पांढरीशुभ्र घोडी, तिच्या कपाळावर मोत्यांची झालर, वर फेटेवाला नवरदेव. तेवढ्यात कुणीतरी फटाक्यांची लड लावली. घोडी दचकली, चार पावलं चालली आणि थांबली.

थांबली म्हणजे थांबलीच. मागचे पाय लाकडासारखे ताठ. एवढ्या थंडीत मानेवरून घामाचे ओघळ, नाकपुड्या फुललेल्या. 'ओढ रे तिला!' एक काका ओरडले. दोघं-तिघं लगाम धरायला धावले. तेवढ्यात घोडीवाला मध्ये पडला. पन्नाशीचा माणूस, अंगानं किडकिडीत, पण आवाज असा की डीजेवाल्यानं आपणहून व्हॉल्यूम कमी केला.

'कोणी हात लावाचा नाई तिले! एक पाऊलबी चालवाचं नाई!'

त्यांनी नवरदेवाला उतरवलं, खोगीर काढलं, स्वतःच्या खांद्यावरची घोंगडी घोडीच्या कमरेवर टाकली. नवरदेव आतेभावाच्या बाइकवर बसून मांडवात पोचला. 'आमच्या लग्नाचा विचका केला, एक पैसा मिळणार नाही,' असं कुणीतरी सुनावलं. घोडीवाले भाऊ काहीच बोलले नाहीत. ते घोडीच्या मांड्यांवरून हात फिरवत तिथेच भर रस्त्यात उभे राहिले. दीड तास!

मी पुलाव सोडून तिथेच थांबले. पत्रकारितेत डिग्री घेतल्याचा एवढाच फायदा.

सोमवारचा आजार

दुसऱ्या दिवशी, म्हणजे सोमवारी, सेवाग्राम रोडला भाऊंचं घर शोधून काढलं. टिनाचं छप्पर, पुढे कडुनिंब, त्याखाली राणी. आता बरी दिसत होती, पण मागचे पाय अजून जपून टाकत होती. वहिनींनी चहा आणला, सोबत वर्ध्याचा फेमस गोरसपाक. (हे तुपाळ बिस्किट खाल्लं नसेल, तर तुम्ही वर्धा पाहिलंच नाही.)

'मॅडम, काल तिले ओढलं असतं ना, तर आज हे उभी नसती,' भाऊ म्हणाले.

हा तिचा तिसरा अटॅक. पहिल्या वेळी त्यांनाही वाटलं होतं की पोटात दुखतंय. नंतर तिची लघवी कॉफीच्या रंगाची झाली, तेव्हा ते घाबरले. पशुवैद्यक डॉक्टर आले, रक्त तपासलं. स्नायू फुटले की 'सीके' नावाचं एन्झाइम रक्तात सांडतं. निरोगी घोड्यात ते काहीशेच्या घरात असतं, अशा अटॅकमध्ये हजारोंवर जातं. राणीचंही तसंच झालं होतं. लघवीचा तो रंगही स्नायूंचाच. त्यातलं मायोग्लोबिन किडनीतून बाहेर पडतं आणि जाता जाता किडनीला दणका देतं. अशा वेळी घोड्याला चालवलं की आधीच दुखावलेले स्नायू आणखी फुटतात. म्हणून भाऊंचं ते 'एक पाऊलबी नाई'.

या आखडण्याला इंग्रजीत जुनं नाव आहे, 'मंडे मॉर्निंग डिसीझ'. खोटं नाही सांगत! युरोपात गाड्या ओढणारे दणकट घोडे आठवडाभर राबायचे. रविवारी सुट्टी, पण दाणा मात्र नेहमीइतकाच. सोमवारी जुंपलं की काही घोडे थोड्याच अंतरावर आखडून उभे राहायचे. मालक म्हणायचे, सुस्ती आली. आपले बॉसही तेच म्हणतात.

पण सगळेच घोडे रविवारी आराम करायचे, मग आखडायचे ठरावीकच का? याचं उत्तर मिळायला २००८ साल उजाडलं. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी 'जीवायएस-१' या जनुकातला एक बदल शोधला. ज्या घोड्यात तो असतो, त्याचे स्नायू साखर साठवतच राहतात, पण ती नीट वापरू शकत नाहीत. पोतं भरलेलं आणि चूल थंड. आई किंवा बाप, एकाकडून जरी हा बदल आला तरी पुरतो. आजवर तो वीसहून जास्त जातींमध्ये सापडलाय. आता केसांच्या मुळांवरूनही त्याची टेस्ट होते.

राणीची केस मात्र वेगळी. ती आहे थरोब्रेड, म्हणजे रेसची घोडी. रेसकोर्सवरून रिटायर झाली आणि हात बदलत बदलत एका यात्रेत भाऊंना मिळाली. मूळची राखाडी असणार. असे घोडे वयानुसार पांढरे होत जातात, आणि लग्नाच्या धंद्यात पांढऱ्या घोडीला भाव. थरोब्रेडमध्ये आखडण्याचा जो प्रकार दिसतो त्याचं नाव आहे, रिकरंट एग्झर्शनल ऱ्हॅब्डोमायोलिसिस. (वाचतानाच जबडा आखडला ना?) यात गडबड साखरेची नसून स्नायूंतल्या कॅल्शियमच्या ये-जा करण्याची असते, असं मानलं जातं. स्नायू आवळतो, पण सैल व्हायचं विसरतो. तो घराण्यात चालतो हे दिसलंय, पण त्याचं एकच असं जनुक अजून हाती लागलेलं नाही, त्यामुळे सरळ टेस्टही नाही. घोड्यांपेक्षा घोड्यांच्या तरुण माद्यांना जास्त होतो, आणि त्यातही बुजऱ्या, टेन्शन घेणाऱ्यांना.

आता सांगा, बुजऱ्या स्वभावाच्या घोडीला नशिबानं नोकरी कुठली द्यावी? डीजेसमोर उभं राहायची!

भाऊंचा डाएट प्लॅन

या आजाराला औषधानं कायमचं बरं करता येत नाही. तो सांभाळावा लागतो. भाऊंचा सांभाळ ऐकून मला आपल्या जिमच्या ट्रेनरची आठवण झाली.

एक, हरभरा आणि गूळ जवळपास बंद. घोडीला प्रेमानं हरभरा चारायचा ही आपल्याकडची रीतच. वरातीत तर बायका कौतुकानं डाळ-गूळ भरवतात. पण राणीला स्टार्च आणि साखर चालत नाही. मग ताकद कशातून? तेलातून! चारा-कोंड्यावर सोयाबीनचं तेल, थोडं थोडं वाढवत नेलेलं, आणि मीठ. वर्धा जिल्हा सोयाबीन पिकवणारा, त्यामुळे तेवढं जमतं.

दोन, रोज चालणं. रोज म्हणजे रोज. मुहूर्त असो-नसो, सकाळी सहाला भाऊ आणि राणी सेवाग्राम रोडला. बांधून ठेवणं हा तिच्यासाठी आराम नसतो. तो धोका असतो.

तीन, शांतता. ठरलेल्या वेळी चारा, ठरलेला माणूस, आणि सुपारी घेतानाच अट : फटाके नाहीत, डीजे लांब.

'मग काल काय झालं?' मी विचारलं.

भाऊ गप्प झाले. वहिनींनी सांगितलं. चार दिवस ते दोघं पोरीच्या सोयरिकीसाठी बाहेरगावी गेले होते. मागे पुतण्या होता. त्यानं राणीला चार दिवस बांधून ठेवलं आणि बिचारीला एकटं वाटू नये म्हणून दोन्ही वेळा घमेलंभर हरभरा घातला. पाचव्या दिवशी वरात. फटाके न लावायची अट पोरांना कोण सांगणार?

पिवळं कार्ड

मी टिपिकल शहरी प्रश्न विचारला. 'एवढं सगळं तुम्हाला कसं कळलं? घराण्यातून येणारा आजार वगैरे?'

भाऊ आत गेले आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतून एक पिवळं कार्ड घेऊन आले. 'हे माहं. पोरीचंबी असंच हाये.'

सिकलसेल! विदर्भात हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, रक्तवाहिन्यांत अडकतात आणि सांधे, छाती, पोट असह्य दुखतं. आईबापांपैकी एकाकडूनच दोष आला तर माणूस वाहक. त्याला पिवळं कार्ड. तो सहसा ठणठणीत असतो. दोघांकडून आला तर लाल कार्ड, म्हणजे रुग्ण. दोन पिवळ्या कार्डांचं लग्न झालं, तर प्रत्येक बाळंतपणात रुग्ण मूल जन्मायची शक्यता चारात एक.

भाऊंच्या धाकट्या भावाचं कार्ड लाल होतं. होतं! थंडी लागली, पाणी कमी पडलं, जास्त दगदग झाली की तो कळवळायचा. सेवाग्रामला कस्तुरबा हॉस्पिटलच्या वाऱ्या भाऊंनीच केल्या. १९६९ मध्ये इथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली, देशातलं ग्रामीण भागातलं हे पहिलं मेडिकल कॉलेज. आसपासच्या गावांसाठी 'मोठा दवाखाना' म्हणजे सेवाग्राम. तिथल्याच बाकावर बसून भाऊ जेनेटिक्स शिकले.

'राणीचं डॉक्टरनं सांगतलं तवा मले काही नवीन नाई वाटलं. पाणी, आराम, थंडीपासून जपा. माह्या भावाचंबी हेच होतं.'

२०२३ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारनं सिकलसेल निर्मूलन मिशन सुरू केलं. देशातल्या आदिवासीबहुल जिल्ह्यांमध्ये ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत आजार संपवायचा असं त्याचं टार्गेट. पण मिशन शेवटी येऊन थांबतं ते अशाच एखाद्या घराच्या ओसरीवर. सोयरीक जुळतेय, मुलगा चांगला आहे, पत्रिकाही जमतेय. आता 'रक्त तपासून घ्या' हे मुलीच्या बापानं म्हणायचं कसं? भाऊ म्हणाले होते. मुलाकडचे चपापले, म्हणाले, कळवतो. परवापासून फोन आलेला नाही.

वंश म्हणजे काय रे भाऊ

वर्ध्यात वंश ही गोष्ट नवी नाही. गवळाऊ ही गाईबैलांची पांढरी, चपळ जात याच भागातली. आर्वीच्या बाजूला आजही लोक बैलाचा बाप कोण, आजा कोण हे सांगतात. शंकरपटाच्या शर्यतीत पळणारा बैल घराण्यावरून ओळखतात. भाऊंच्या वडिलांकडेही गवळाऊची जोडी होती. फक्त एकच गोष्ट आपण सोयीनं विसरतो. वेग घराण्यातून येतो तसा आजारही येतो.

अमेरिकेत हे फार महागात शिकले. 'इम्प्रेसिव्ह' नावाचा एक क्वार्टर हॉर्स होता, १९६९ चा जन्म. बॉडीबिल्डरसारखे स्नायू, १९७४ चा वर्ल्ड चॅम्पियन. प्रत्येकाला त्याची संतती हवी होती, आणि ती हजारोंनी झाली. पुढे लक्षात आलं की त्याच्या वंशातले घोडे अचानक थरथरतात, कोसळतात, काही मरतात. स्नायूंच्या सोडियमच्या वाटेत बिघाड, 'हायपीपी'. १९९२ मध्ये जनुक सापडलं. तरीही दोन्हीकडून दोष आलेल्या शिंगरांची नोंदणी बंद व्हायला २००७ उजाडलं. पंधरा वर्षं! कारण तसे घोडे दिसायला देखणे असत, बक्षिसं जिंकत.

राणीलाही मागणी आहे. पांढरी थरोब्रेड, उंच, देखणी. एका व्यापाऱ्यानं शिंगरासाठी भाऊंना चांगली ऑफर दिली होती. ती रक्कम म्हणजे पोरीच्या लग्नाचा निम्मा खर्च. भाऊंनी नाही म्हटलं.

'टेस्ट तर नाही ना तिची? शिंगरू चांगलंही निघालं असतं,' मी म्हटलं.

'निघालंबी असतं. नसतं निघालं तर? ते दुसऱ्याच्या वरातीत आखडल. त्याचा मालक त्याले ओढल.' मग मुलीच्या खोलीकडे बघून म्हणाले, 'सोयऱ्याले एक सांगाचं न् व्यापाऱ्याले दुसरं, असं कसं चालन, ताई?'

मॅडमची ताई कधी झाले, कळलंच नाही.

रोज चाला

संध्याकाळच्या गाडीला वेळ होता म्हणून सेवाग्राम आश्रमात गेले. बापू कुटी पाहिली. माती, बांबू, कौलं. आपल्या वन बीएचकेच्या हॉलएवढी जागा, त्यात एका देशाचं हेडऑफिस चालायचं. १९३६ मध्ये गांधीजी इथे राहायला आले तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं. तेही रोज चालायचे, वेळ पाळायचे, खाणं मोजून. मी तिथल्या झाडाखाली बसून हिशेब केला. आठवडाभर खुर्चीत, रविवारी बिर्याणी, सोमवारी लोकलच्या जिन्यावर धाप. मला जनुकाचा बहाणाही नाही.

तीन आठवड्यांनी भाऊंचा फोन आला. मुलाचा रिपोर्ट नॉर्मल. म्हणजे नातवंडांमध्ये एखादं पिवळं कार्ड निघेल, लाल नाही. लग्न ठरलंय, आमंत्रण आहे.

'आणि जावई राणीवर बसणार का?' मी विचारलं.

'दारातून मांडवापावतर. शंभर पावलं. डीजे नाई, फक्त सनई. सोयऱ्याले सांगून ठेवलं, हे अट रक्ताच्या रिपोर्टाच्याबी वरची हाये!'

जायचंय?

कसं जाल : मुंबईहून सेवाग्राम एक्स्प्रेस किंवा विदर्भ एक्स्प्रेस, दुसऱ्या दिवशी वर्धा. नागपूरहून रस्त्यानं पाऊणशे किलोमीटर.

कधी : नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, हिरोगिरी करू नका.

काय पाहाल : सेवाग्राम आश्रम, धाम नदीकाठचा विनोबांचा पवनार आश्रम, १९३८ चं मगन संग्रहालय, दगडांवर कोरलेली गीताई असलेलं गीताई मंदिर.

काय खाल : गोरसपाक. दोन पुडे जास्त घ्या, ऑफिसात उरत नाहीत.

काय मिळणार नाही : बिअर. जिल्ह्यात दारूबंदी आहे.

आणि वाटेत वरात दिसली, तर नाचा बिनधास्त. फक्त घोडीपासून चार हात लांब, आणि फटाके खिशातच ठेवा.